काचगडाची शेवटची तीन पानं

संपादकांचं पत्र आलं, 'बाई, वाचनालयातल्या नोकरीचे चार गमतीदार किस्से लिहून द्या, दिवाळीत वाचकांना हलकंफुलकं लागतं.' देते की! बेलापूरच्या आमच्या वाचनालयात किश्श्यांना काय तोटा? पुस्तकात खूण म्हणून चपातीचा तुकडा ठेवणारे डॉक्टर होते. नायिकेचं लग्न चुकीच्या माणसाशी लागलं म्हणून मला, मला हो, जाब विचारणारे पोस्टमास्तर होते. एक मास्तर तर कादंबरी परत करताना शेवटच्या पानावर लाल शाईनं गुण देत. दहापैकी साडेचार.

पण किस्से लिहायला बसले की दरवेळी हात एकाच गोष्टीपाशी अडतो, आणि ती काही गमतीची नाही. ती मी वाचनालयाच्या समितीला सांगितली नाही, घरी सांगितली नाही. आता वाचनालयं तपासायला येणारे ते सरकारी तपासणीस राहिले नाहीत, ती समिती राहिली नाही, आणि माझी पंचाहत्तरी उलटली. माझं कोण काय वाकडं करणार आहे? तेव्हा सांगूनच टाकते.

आधी आमच्या धंद्यातली एक गोष्ट समजून घ्या. कादंबरीची कुठली पानं आधी फाटतात? पहिली नव्हे, शेवटची. निम्मे वाचक पुस्तक घेताना उभ्याउभ्या शेवट बघून घेतात. नायक जगतो ना? मग द्या. शिवाय वाचून झालं की पुस्तक उताणं टाकतात, त्यावर चहाची कपबशी ठेवतात. वर्षभरात शेवटची चार पानं गळून पडतात. अशा वेळी नवं पुस्तक कुठून आणणार? मग दुसऱ्या गावच्या वाचनालयातून तीच कादंबरी मागवायची, गळालेली पानं फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात उतरवायची, खाली शेरा मारायचा, 'मूळ प्रतीवरून तंतोतंत नक्कल', सही करायची, आणि बाइंडरकडून ती पानं आत शिवून घ्यायची. वाचकांना सवय असते. छापील मजकुरावरून हस्ताक्षरावर येतात आणि वाचत पुढे जातात. माझं अक्षर मोत्यासारखं. ह्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

एका निवृत्त मामलेदारांनी आपल्या घरची दोन पेट्या पुस्तकं आम्हाला भेट दिली. त्यात 'काचगड' नावाची अद्भुत कादंबरी होती. जुनी, जाड, राक्षस-जादूगारिणींनी गच्च भरलेली. काचगडच्या जादूगारिणीनं आख्ख्या गावाला काचेचं करून ठेवलेलं असतं. त्यांना सोडवायला शार्दूल गडात शिरतो. अटी दोन: त्यानं मागे वळून पाहायचं नाही, आणि त्याची बायको मंजिरी हिनं गडाच्या दारात दिवा धरून उभं राहायचं. दिवा तेवता असेपर्यंत शार्दूलाला परतीची वाट आठवेल. दोनशे ऐंशी पानं अशी, की ताटावरून उठून वाचावं. आणि दोनशे ऐंशीव्या पानाच्या तळाशी वाक्य होतं, 'शार्दूलाने मागे वळून पाहिले आणि'. संपलं! पुढची तीन पानं गायब.

मी श्रीरामपूरला विचारलं, नगरला विचारलं. कुणाकडेच प्रत नव्हती. पुण्याच्या प्रकाशकाला दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. तेवढ्यात तपासणीस येणार असल्याची वर्दी आली. फाटकं पुस्तक कपाटात दिसलं की ते भिवया अशा वर न्यायचे, जणू मीच ते कुरतडून खाल्लंय. त्या दुपारी वाचनालयात चिटपाखरू नव्हतं. मी बोरू घेतला, 'आणि'च्या पुढे लिहायला बसले, आणि तासाभरात तीन पानं लिहून मोकळी झाले.

माझ्या शेवटात शार्दूल परत येतो. मागे वळल्याची शिक्षा म्हणून सात वर्षांनी येतो, केस पांढरे झालेले, पण येतो. मंजिरी दारात दिवा धरून उभीच असते. रडणं नाही, मिठी नाही. ती एवढंच म्हणते, 'पाय धुऊन घ्या.' संपलं. खाली शेरा मारला, 'मूळ प्रतीवरून तंतोतंत नक्कल', आणि सही ठोकली! लाज वाटली का? मुळीच नाही. उलट लाल शाईवाल्या मास्तरांनी त्या पानांना दहापैकी नऊ दिले, वर म्हणाले, 'बाई, लेखकाला शेवटी सूर सापडलाय बघा.' मी दोन दिवस हवेत होते.

हे पुस्तक सगळ्यात जास्त वेळा नेलं गिरजानं. वय बाविशीच्या आतबाहेर, सातवी पास, गावाबाहेरच्या वस्तीवर राहायची. नवरा फौजेत. एकाहत्तरच्या लढाईत तो बेपत्ता झाला, आणि वर्ष उलटल्यावर सरकारी पत्र आलं की त्याला मृत समजण्यात यावं. सगळ्या गावाला माहीत होतं. बाजारच्या दिवशी ती भाजीची पाटी खाली ठेवून वाचनालयात यायची. सासऱ्यांनीच तिला वाचायची मुभा दिली होती, तेवढंच पोरीचं मन रमेल म्हणून. दोनदा, चारदा, आठदा ती 'काचगड'च घेऊन गेली. मी एकदा तिला टोकलंही.

"अगं, दुसरी पुस्तकं काय चावतात का तुला?"

"ऱ्हाऊ द्या बाई. ह्येच बरं हाय," म्हणाली.

मला वाटलं, असते एकेकाची आवड.

मग एके दिवशी तिचे सासरे आले. देवराम तात्या. सहा फूट उंच, पागोटं, वाचनालयाच्या दारातून वाकून आत यावं लागायचं. वीस एकर बागायतीचा धनी, पण माझ्या टेबलासमोर परीक्षेला बसल्यासारखा उभा राहिला.

"बसा ना तात्या."

"बसत न्हाई. बाई, एक इनंती हाय. तुमचं त्ये काचंचं पुस्तक, त्ये आमच्या गिरजाला पुन्यांदा देऊ नगा."

"का हो? फाडलं की काय तिनं?"

"फाडलं असतं तर बरं झालं असतं," तात्या म्हणाले. "पाथर्डीकडचं एक स्थळ आलंय तिला. मानूस विधुर हाय, जीप चालवतोय, निर्व्यसनी. म्या सोता जाऊन बघून आलो. माझा पोरगा गेला बाई, म्या त्येला काळजात पुरला. पन ही पोर रोज दिवेलागनीला वस्तीच्या फाटकाशी कंदील धरून हुबी ऱ्हाती. पाऊस असू दे, वारं असू दे. इचारलं तर म्हनती, सात वर्सं थांबायचं, पुस्तकात लिव्हलंय. आता तुमीच सांगा, आमी काय करावं?"

माझ्या हातातली शिक्क्याची पेटी खाली पडली. खरंच पडली, शाई लुगड्यावर सांडली. पुस्तकात लिव्हलंय! कुणी लिव्हलंय? मी, तासाभरात, तपासणीस येणार म्हणून!

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "बघते मी, समजावते तिला," आणि तात्या हात जोडून गेले. पाथर्डीच्या लोकांनी दिवाळीपर्यंत उत्तर मागितलं होतं. म्हणजे दोन महिने.

आणि ह्या दोन महिन्यांतच नेमका 'काचगड'वर सिनेमा आला!

गावाबाहेर पटांगणात तंबूतला सिनेमा लागायचा. त्याचे मालक भाऊसाहेब वाचनालयाचे सभासद, पण पुस्तक कधी नेलं नाही. येऊन फक्त माझ्याशी वाद घालायचे. सिनेमा पुस्तकावरून निघाला की शेवट बदललेला असणार, हे मला अनुभवानं पाठ झालं होतं. पुस्तकात नायक मेला, तर पडद्यावर तो जिवंत. पुस्तकात जादूची अंगठी समुद्रात बुडाली, तर पडद्यावर ती नायिकेच्या बोटात. मग लोक माझ्याकडे येऊन भांडणार, की तुमचं पुस्तक चुकीचं आहे. एका बाईंनी तर 'बरोबर शेवटाची प्रत' मागितली होती.

"असं का करता हो तुम्ही लोक?" मी भाऊसाहेबांना विचारलं होतं.

"बाई, पुस्तक मानूस एकला वाचतो," ते म्हणाले. "एकला रडला तर उशी भिजंल. हजार मानूस रडत तंबूबाहेर पडलं, तर दुसऱ्या दिवशी माझ्या तंबूत कोन येनार? कुत्रं? राक्षस मेला पायजे, गानं झालं पायजे, मानूस खूश होऊन घरी गेला पायजे. लेखकाला घरी एकट्याला बसायचंय, त्याला काय लागतंय?"

म्हणजे सिनेमात शार्दूल नक्की परत येणार, असा मी हिशेब केला. येऊ दे बापडा. तेवढंच माझं पाप दोघांत वाटलं जाईल. आहे की नाही कमाल? स्वतःची चूक सिनेमावाल्यांच्या गळ्यात अडकवायला निघाले होते मी.

पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला अख्खं गाव लोटलं. बायकांच्या बाजूला मी, आणि माझ्या पुढं दोन ओळी सोडून गिरजा, शेजारी तिची सासू. तीन तास राक्षस गरजले, काचा फुटल्या, पोरं किंचाळली. शेवट आला. शार्दूलानं मागे वळून पाहिलं, आणि गडाला आग लागली! भडका! शार्दूल आगीत दिसेनासा झाला. मंजिरीनं हातातला दिवा उंच केला, सासूसासऱ्यांच्या दिशेनं नमस्कार केला, आणि आगीत उडी घेतली. मग ढग, ढगांत दोघं हातात हात घेऊन चाललेली, आणि गाणं.

आणि तंबूत टाळ्या! शिट्ट्या! माझ्या शेजारची बाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली, "काय सती गं बाई!" नायक मेला तरी ही माणसं खूश होऊन घरी निघाली होती, कारण बाईनं उडी मारली होती. भाऊसाहेबांनी दुसऱ्या दिवशी मला शांतपणे सांगितलं, "पब्लिकला त्येबी चालतं." चालतं म्हणे!

पण त्या वेळी मी गिरजाकडे बघत होते. ती टाळ्या वाजवत नव्हती, रडतही नव्हती. बसल्या जागी ताठ झाली होती, आणि सासू तिला हाताला धरून उठवत होती.

सकाळी वाचनालय उघडायच्या आधी ती पायरीवर हजर. डोळे सुजलेले.

"बाई, सिनेमावाल्यांनी शेवट बदलला ना? पुस्तकात असं न्हाई ना?"

"नाही," मी म्हटलं.

"उडी न्हाई ना मारत ती?"

"नाही गं बाई, नाही! ते लोक नेहमीच बदलतात. पुस्तक ते पुस्तक."

तिचा चेहरा जरा निवळला. "म्हंजी त्यो येतोच," म्हणाली, आणि गेली. मी तिथंच पायरीवर बसले. पहिल्यांदा तिला नकळत फसवलं होतं, आता जाणूनबुजून फसवलं. पण त्या क्षणी दुसरं काय बोलायचं? कंदील धरून उभ्या राहणाऱ्या मुलीला आगीत उडी मारणारी मंजिरी दाखवली होती गावानं. काल रात्री ती काय विचार करत असेल?

सिनेमा चालला की प्रकाशकांना जाग येते. पंधरा दिवसांत 'काचगड'ची नवी आवृत्ती निघाली, आणि नगरच्या दुकानदारानं मला एक प्रत पाठवली. मुखपृष्ठावर सिनेमातल्या आगीचं चित्र. मी कात्रीनं पुडक्याचा दोरा कापला आणि आयुष्यात पहिल्यांदा, वाचकांना ज्याबद्दल टोचून बोलायची तेच केलं. उभ्याउभ्या शेवट काढला.

'शार्दूलाने मागे वळून पाहिले आणि' तो काचेचा झाला. मागे वळायचं नाही, ही तर अटच होती. पण त्याच्या काचेतून मंजिरीच्या दिव्याचा उजेड आत गेला, आणि गावातली एकेक माणसं पुन्हा माणसं होऊन बाहेर आली. मंजिरी प्रत्येकाचा चेहरा बघत उभी. तो आला नाही. ती रात्रभर थांबली. पहाटे तिनं स्वतः फुंकर मारून दिवा विझवला, आणि परतलेल्या माणसांबरोबर गावाकडे चालू लागली. गावात पेरणीचे दिवस होते, असं शेवटचं वाक्य.

मी ती तीन पानं चारदा वाचली. त्या पोरीला ज्याची गरज होती, तो शेवट लेखकानं कधीचा लिहून ठेवला होता! तो सिनेमावाल्यांनी जाळला, कारण त्यांना टाळ्या हव्या होत्या. आणि त्यांच्याही आधी मी तो पुसला, कारण मला तपासणीसांचा शेरा चांगला हवा होता. दोघं एकाच माळेचे मणी. इतकी वर्षं सिनेमावाल्यांना नावं ठेवली मी, आणि त्यांनी निदान खाली 'तंतोतंत नक्कल' असं लिहिलं नव्हतं!

दुपारी वाचनालय बंद ठेवून मी वस्तीवर गेले. गिरजा अंगणात शेंगा फोडत होती. मी नवं पुस्तक तिच्यापुढं ठेवलं आणि म्हटलं, "शेवटची तीन पानं वाच."

तिनं हात पुसले आणि वाचली. मग पुन्हा वाचली.

"ह्ये कोनी लिव्हलं?"

"लेखकानं. हाच खरा शेवट."

"मग आपल्या पुस्तकातला?"

"तो मी लिहिला गिरजा. पानं नव्हती. मी मनानं लिहिला."

तिच्या मांडीवरचं सूप कलंडलं. शेंगा घरंगळत अंगणभर गेल्या, कुणी उचलल्या नाहीत.

"मनानं? खाली तर नक्कल म्हनून लिव्हलंय. तुमची सही हाय."

"हो."

"मग त्यो परत का आनला तुमी?" आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागला. "काय वाटलं म्हनून आनला?"

कुठलंही उत्तर चाललं असतं. दया आली म्हणून, चांगलं वाटावं म्हणून. पण दोनदा खोटं बोलून झालं होतं, तिसऱ्यांदा होईना. "तपासणी होती दुसऱ्या दिवशी," मी म्हटलं. "मला घाई होती. परत आणला की गोष्ट लवकर संपते."

तिच्या चेहऱ्यावरचा तो धक्का मी विसरलेले नाही, विसरू शकणार नाही.

"तुमाला घाई हुती," ती म्हणाली. "आनि म्या दोन वर्सं कंदील धरला."

ती उठून घरात गेली. पुस्तक अंगणातच राहिलं, शेंगांमध्ये. मी ते उचललं नाही. त्या दिवशी मुद्दाम दिवेलागणीपर्यंत मी रस्त्याकडेच्या लिंबाखाली थांबले. वस्तीच्या फाटकाशी कंदील आला नाही. आणि लिहायला लाज वाटते, पण लिहिते. सुटकेबरोबर मला आत कुठंतरी वाईटही वाटलं, माझा शेवट गेला म्हणून! नऊ गुण मिळालेला माझा शेवट! माणूस किती हलकट असतो, हे मला त्या लिंबाखाली कळलं. वाचनालयात जाऊन मी जुन्या प्रतीतली ती तीन पानं उसवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळीच्या बंबात घातली.

दिवाळी झाल्यावर गिरजाचं पाथर्डीला लग्न झालं. कन्यादान तात्यांनी केलं, सासऱ्यानं सुनेचं. मला बोलावणं होतं. मी गेले नाही, धीर झाला नाही.

पुढच्या दिवाळीत ती आली. वाचनालयाच्या दारात जीप थांबली, चष्मेवाला मवाळसा माणूस चाकाशीच बसून राहिला, आणि गिरजा सावकाश पायऱ्या चढून वर आली. सातवा लागला होता. नवं पुस्तक टेबलावर ठेवलं, वर्षभर राहिलं म्हणून दंड विचारला. मी तिला पाणी दिलं.

"जुनं पुस्तक कुटं हाय बाई? आपलं?"

"आहे की, पण ती पानं नाहीत आता. जाळली मी."

गिरजा ताडकन उभी राहिली. सातव्या महिन्यात माणूस असं उठत नाही.

"जाळली? कुनाला इचारून?"

"अगं, ती खोटी होती..."

"खोटी असू देत! दोन वर्सं म्या त्येंच्यावर काढली. माझी हुती ती पानं. तुमी कोन जाळनार?"

बाहेरून जीपवाला डोकावला. एवढ्या वर्षांत पुस्तकं फाडणारे, हरवणारे, चोरणारे पाहिले, पण माझ्या हातून जळलेल्या कागदांसाठी असं कुणी रडलं नव्हतं. ती रडली, मग तिनं डोळे पुसले आणि खुर्ची ओढून बसली.

"घ्या कागद. मला पाठ हाय. मी सांगते, तुमी लिव्हा."

मी फुलस्केप काढला. तिनं डोळे मिटले आणि सुरू केलं, 'शार्दूलाने मागे वळून पाहिले आणि'. शब्द न् शब्द माझे. पहिलं पान झालं, दुसरं झालं. सात वर्षं, पांढरे केस, गडाचं दार करकरत उघडलं. आणि तिथून ती संथपणे पुढं सांगत राहिली, 'शार्दूल बाहेर आला. दारात कोणी नव्हते. दिवा विझलेला होता. त्याने तो हातात घेतला, स्वतःच लावला. रांजणातले पाणी घेऊन त्याने आपले पाय आपणच धुतले. मग गावाच्या वाटेकडे बघून तो म्हणाला, बरे केलेस, गेलीस ते.'

माझा हात थबकला. हे माझ्या पानांत नव्हतं. मला माझी पानं तिच्याइतकीच पाठ होती.

"झालं का लिव्हून?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"झालं," मी म्हटलं. एक काना इकडचा तिकडे केला नाही. खाली शेरा मारला, 'मूळ प्रतीवरून तंतोतंत नक्कल', आणि सही केली.